बालीची सहा रात्रींची सहल, सोबत लहान मुलगी आणि सासूबाई: तयारी कुठून सुरू करायची?

तुम्ही विचारलेलं आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मे महिन्याच्या सुट्टीत नाशिकहून चौघं बालीला निघालाय: तुम्ही दोघं, नऊ वर्षांची मुलगी आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आणि रक्तदाब आहे, त्या पूर्ण शाकाहारी आहेत. परदेशप्रवास चौघांचाही पहिलाच. सहा रात्रींत उबुड, सेमिन्याक आणि गिली बेटं अशी तीन हॉटेलं करायची, मधे एक दिवस जवळच्या नुसा पेनिडा बेटावर जाऊन यायचं, आणि फिरायला तुमचे मिस्टर तिथे स्कूटर भाड्याने घेणार. प्रश्न एवढाच, की बॅगेत काय काय भरायचं.

यादी देते, पण ती या उत्तराचा लहानसा भाग असेल. मी बरीच वर्षं कुटुंबांच्या आग्नेय आशियातल्या सहली आखून देते आहे, त्यात बाली सर्वात जास्त. बॅगेत राहून गेलेली वस्तू बालीत कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. टोपी, सनस्क्रीन, चपला, चार्जर, सगळं. तिथे गेल्यावर मिळत नाहीत अशा गोष्टी वेगळ्याच आहेत: योग्य किनाऱ्यावर घेतलेलं हॉटेल, गाडीत बसून वाया न गेलेला दिवस, विम्याच्या कागदावरची एक ओळ आणि पाण्यात तरंगता येणं. तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो, की वयाने आणि ताकदीने इतक्या वेगळ्या चार माणसांना सहा रात्रींत काय झेपेल. ते ठरलं की बॅग एका संध्याकाळी भरून होते.

काही गोष्टी तुम्ही सांगितलेल्या नाहीत आणि उत्तर त्यावर अवलंबून आहे. सासूबाई इन्सुलिन घेतात की नुसत्या गोळ्या? एका दमात किती पायऱ्या चढतात? तुम्हा दोघांपैकी कुणाला पोहता येतं का? विमान मुंबईहून थेट आहे की सिंगापूर-क्वालालंपूरमार्गे, आणि बालीत किती वाजता उतरतं? मी असं धरून चालते, की सासूबाई सपाट रस्त्यावर आरामात चालतात पण पायऱ्यांना दमतात, आणि पोहायला कुणालाच धड येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचं चित्र हेच असतं. तुमचं वेगळं असेल तर त्याप्रमाणे बदल करा.

मे महिना तुम्ही छान निवडलाय. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेला साधारण आठ अंशांवर आहे, त्यामुळे तिथलं पावसाचं गणित आपल्या उलट चालतं. ढोबळमानाने नोव्हेंबर ते मार्च पावसाळा, एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा काळ. मेमध्ये एखादी सर येऊन जाते, पण दिवस फुकट जात नाही, आणि जुलै-ऑगस्टची गर्दीही सुरू झालेली नसते. मार्चमध्ये जाण्याचा विचार कुणी करत असेल तर न्येपीची तारीख आधी बघा. बालीचं पंचांगही शकाचं आहे आणि न्येपी म्हणजे त्यांचं नवं वर्ष. २०२३ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा दोन्ही २२ मार्चला होते, आणि दोन्हीकडे शक १९४५ च लागला. फरक एवढा की ते नवं वर्ष मौनाने साजरं करतात. चोवीस तास विमानतळ बंद, रस्ते रिकामे, रात्री दिवेसुद्धा झाकलेले, आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही.

आता मुक्कामाबद्दल, कारण सर्वात मोठा बदल मला इथेच सुचवायचाय. सहा रात्री म्हणजे हातात पाच पूर्ण दिवस. त्यात दोनदा हॉटेल बदललंत तर प्रत्येक वेळी सामान भरणं, खोली सोडणं, गाडी, नव्या खोलीची वाट बघणं यात निदान अर्धा दिवस जातो. गिली बेटं तर बालीत नाहीतच, ती शेजारच्या लोंबोक बेटाच्या किनाऱ्याजवळ आहेत. बंदरापर्यंत गाडी, मग दीड-दोन तास किंवा जास्त वेगबोट, उतरल्यावर सायकल नाहीतर घोडागाडी, कारण तिथे मोटारगाड्यांना बंदी आहे. तरुण जोडप्याला याची मजा वाटते. पण मधुमेह असलेल्या बाईंना पहिल्याच परदेशप्रवासात मोठ्या रुग्णालयापासून एक समुद्र दूर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. जाण्यायेण्यात दोन दिवस जातील ते वेगळेच. गिली यावेळी काढून टाका.

राहिले उबुड आणि समुद्र. उबुडला दोन रात्री पुरतात. समुद्रासाठी सेमिन्याकऐवजी सानूर घ्या, चार रात्री. याचं कारण पाण्यात आहे. कुटा, लेगियन, सेमिन्याक, चांगू हा सगळा पश्चिम किनारा हिंदी महासागराला सरळ तोंड देतो. लाटा मोठ्या, म्हणून तिथे सर्फिंग चालतं, आणि त्याच कारणाने तिथे मुलांना पाण्यात सोडता येत नाही. सानूर पूर्वेला आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची रांग आहे, मोठी लाट तिथेच फुटते आणि आत येणारं पाणी बरंचसं शांत असतं. किनाऱ्याला लागून काही किलोमीटर लांब फरसबंद पायवाट आहे. सासूबाई सकाळी सूर्योदय बघत त्यावर निवांत फिरतील, कुणाचा हात धरावा लागणार नाही. विमानतळही जवळ. एक मात्र लक्षात ठेवा, ओहोटीला सानूरचं पाणी खूप मागे जातं आणि प्रवाळाचे धारदार तुकडे उघडे पडतात. हॉटेलात भरती-ओहोटीच्या वेळा विचारून घ्या आणि भरतीच्या आसपास पाण्यात जा. सेमिन्याकचा सूर्यास्त बघायचाच असेल तर एक संध्याकाळ गाडीने जाऊन या.

आधी उबुड की आधी सानूर, हे विमानावर ठरवा. सकाळी किंवा दुपारी उतरत असाल तर थेट उबुड गाठा आणि शेवटच्या चार रात्री सानूर. रात्री उतरत असाल तर उलट करा, थकलेल्या माणसांना काळोखात दीड-दोन तास गाडीत बसवू नका. नकाशावर विमानतळ ते उबुड चाळीस किलोमीटरच्या आत दिसतं, पण दक्षिण बालीचे रस्ते अरुंद आहेत आणि संध्याकाळी वाहतूक मुंगीच्या पावलाने सरकते. शिवाय तिथे वर्षभर सहा ते पावणेसातच्या दरम्यान सूर्य मावळतो आणि लगेच अंधार पडतो. त्यामुळे दिवसाचा बेत सकाळी लवकर निघून चारपर्यंत परत येण्याचा ठेवा, आणि एका दिवशी एकाच दिशेची ठिकाणं घ्या.

उबुडचं हॉटेल घेताना एक प्रश्न हमखास विचारा, तोही लेखी: रिसेप्शनपासून आमच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती? उबुडची बरीच हॉटेलं दरीच्या उतारावर बांधलेली आहेत. फोटोत हिरवी दरी आणि तलाव सुरेख दिसतो, पण तिथे पोचायला सत्तर-ऐंशी पायऱ्या उतराव्या लागतात, आणि नाश्त्यासाठी तेवढ्याच परत चढाव्या लागतात. न्हाणीघर उघड्यावर आहे का, तेही विचारा. दिसायला ते छान असतं, पण ओली फरशी आणि डास या दोन्ही गोष्टी सासूबाईंच्या वयाला नकोत.

यानंतर पाणी. बालीत गेल्यावर मला कशाची काळजी वाटत असेल तर ती याची. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं समुद्र बघत वाढलेली नसतात, आणि वाढलेली असली तरी पोहत नाहीत. पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यांवर लाटेबरोबर आलेलं पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात परत समुद्रात खेचलं जातं, त्याला रिप करंट म्हणतात. तो पट्टा वरून शांत दिसतो, लाटा तिथे फुटत नाहीत, म्हणूनच नवखी माणसं नेमकी तिथे उतरतात. किनाऱ्यावर लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं, कारण जीवरक्षकांची नजर तिथे असते. नुसता लाल झेंडा असेल तर पाय भिजवण्यापुरतंही पुढे जायचं नाही. चुकून ओढले गेलात तर किनाऱ्याकडे जोर लावून पोहायचं नाही, त्यात दम संपतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर सरकत त्या पट्ट्यातून बाहेर पडायचं. हे मुलीलाही घरीच समजावून सांगा. मुलगी पाण्यात असेल तेव्हा एक मोठं माणूस हाताच्या अंतरावर असलंच पाहिजे, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको.

आत्तापासून मेपर्यंत जो काही वेळ आहे त्यात तुम्ही दोघं आणि मुलगी जवळच्या तरणतलावात नाव घाला. उत्तम पोहता यायला हवं असं नाही. पाठीवर पाच मिनिटं शांत तरंगता आलं आणि नाकात पाणी गेल्यावर घाबरगुंडी उडाली नाही, तरी पुष्कळ झालं. स्नॉर्केलचा, म्हणजे पाण्यात तोंड घालून नळीने श्वास घेत खाली बघण्याचा, मास्क इथेच विकत घ्या आणि तलावात घालून बघा. तोंडाने श्वास घेण्याची सवय बोटीवरून उडी मारल्यावर लागत नाही. समुद्रात स्नॉर्केलिंग करताना तिघांच्याही अंगात लाइफ जॅकेट हवं, गाइड काहीही म्हणो. मुलीच्या मापाचं जॅकेट इथूनच नेलंत तर बरं, कारण बोटींवर लहान मापाची जॅकेटं असतीलच याची खात्री नसते, आणि सैल जॅकेट पाण्यात गळ्यावर चढतं.

नुसा पेनिडाला जाणाऱ्या वेगबोटी सानूर बंदरातूनच सुटतात, पाऊण तासाच्या आत पोचवतात. मधली सामुद्रधुनी खोल आणि प्रवाहांची आहे, आणि कोरड्या काळात आग्नेयेचे वारे वाढले की समुद्र उसळतो. २०२५ च्या जुलैमध्ये जावा आणि बालीच्या मधे एक फेरी बुडून माणसं गेली, आणि पुढच्याच महिन्यात सानूर बंदराशी पर्यटकांची वेगबोट उलटली. घाबरवायला हे सांगत नाही, रोज हजारो लोक सुखरूप जातात-येतात. पण तिकीट काढण्याआधी तिथल्या हवामान खात्याचा, म्हणजे बीएमकेजीचा, लाटांचा अंदाज बघायचा. सकाळची पहिली-दुसरी बोट घ्यायची. चढल्यावर जॅकेट कुठे आहेत ते बघून मुलीला लगेच घालायचं. बोटीत जागेपेक्षा जास्त माणसं दिसली तर पैसे सोडून उतरायचं. पेनिडाचा दिवस मुक्कामाच्या मधे ठेवा, शेवटी नको, म्हणजे समुद्र खवळलेला असला तर दुसऱ्या दिवशी ढकलता येतो. तिथला केलिंगकिंग हा कड्याखालचा किनारा वरूनच बघा. खाली उतरणारी वाट उभी आहे आणि त्या किनाऱ्याच्या लाटांनी बळी घेतले आहेत.

स्कूटरबद्दल मिस्टरांना माझा निरोप द्या: नको. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते, म्हणून आपल्या लोकांना वाटतं की हे तर जमेल. अनोळखी अरुंद रस्ता, चढउतार, कडेची उघडी गटारं आणि मागे बसलेलं मूल, यात अपघात व्हायला वेळ लागत नाही. कायद्याने आरटीओतून काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं आणि त्यात दुचाकीचा वर्ग नोंदलेला असावा लागतो. नुसतं चारचाकीचं परमिट असेल आणि अपघात झाला तर पोलिसांचा प्रश्न वेगळाच, पण विमा कंपनी दावा नाकारते. इस्पितळाचं लाखांतलं बिल खिशातून जातं. त्यापेक्षा दिवसभरासाठी ड्रायव्हरसह गाडी घ्या. आठ-दहा तासांचे सहा ते आठ लाख रुपिया, म्हणजे आपले साधारण सव्वातीन ते साडेचार हजार रुपये पडतात. चौघांत विभागलं तर फार नाही, आणि सासूबाईंना पाय पसरून बसता येतं. जवळच्या फेऱ्यांना ग्रॅब किंवा गोजेक या ॲपवरून गाडी मिळते, पण काही गावांत स्थानिक गाडीवाले ॲपच्या गाड्यांना प्रवासी उचलू देत नाहीत, तेव्हा वाद न घालता थोडं पुढे चालत जा.

विमा घेताना हप्त्याची रक्कम शेवटी बघा. आधी चार गोष्टी शोधा. आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण आहे का, आणि कुठल्या परिस्थितीत? पुष्कळ पॉलिसी मधुमेह-रक्तदाबाशी संबंधित त्रास फक्त जिवावर बेतल्यासच धरतात, आणि आजार लपवला असेल तर काहीच देत नाहीत. म्हणून सासूबाईंचे दोन्ही आजार अर्जात लिहा, हप्ता वाढला तरी. दुसरं, स्नॉर्केलिंग आणि पाण्यातले खेळ धरलेले आहेत का? तिसरं, गरज पडल्यास दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च. चौथं, ज्वालामुखीमुळे विमान रद्द झालं तर काय? ही चौथी गोष्ट आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये अगुंग पर्वताच्या राखेने बालीचा विमानतळ बंद पडला होता, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या लेवोतोबी ज्वालामुखीमुळे बालीची विमानं रद्द झाली. परतल्यानंतरचा एक दिवस रजेचा मोकळा ठेवा, आणि सासूबाईंच्या गोळ्या आठवडाभर जास्तीच्या घ्या. विमा कंपनीचा चोवीस तासांचा नंबर कागदावर लिहून प्रत्येकाच्या पाकिटात ठेवा. खासगी रुग्णालयं आधी अनामत रक्कम किंवा विमा कंपनीची हमी मागतात, त्यामुळे पहिला फोन तिथेच करायचा असतो.

औषधांकडे वळते. मी डॉक्टर नाही, म्हणून डोस आणि लसी तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण निघण्याच्या दीड-दोन महिने आधी विचारा. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात यांबद्दल बोला, सासूबाईंसाठी फ्लूच्या लशीबद्दलही. त्यांची औषधं दोन भागांत करा, एक भाग तुमच्या आणि एक भाग मिस्टरांच्या हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात एकही गोळी नको. इन्सुलिन असेल तर तेही केबिनमध्येच, गार राखणाऱ्या पिशवीत, सोबत डॉक्टरांचं पत्र. चिठ्ठीवर औषधाच्या कंपनीच्या नावाऐवजी मूळ घटकाचं नाव लिहून घ्या, कारण आपल्याकडची ब्रँडनावं तिकडच्या औषधवाल्याला कळणार नाहीत. मधुमेहाच्या पायांची काळजी वेगळीच: तापलेली वाळू आणि प्रवाळ दोन्ही पाय कापतात-भाजतात आणि सासूबाईंना कदाचित ते लगेच जाणवणारही नाही. त्यांच्यासाठी रबरी तळव्याचे बंद बूट न्या, अनवाणी पाऊल वाळूत नको, आणि रोज रात्री तळपाय बघून घ्या.

इथे एक गंभीर गोष्ट. इंडोनेशियाचे अमली पदार्थांचे कायदे अतिशय कडक आहेत. आपल्याकडे झोपेसाठी किंवा दुखण्यासाठी मिळणारी काही आयुर्वेदिक औषधं ‘विजया’ घातलेली असतात. विजया म्हणजे भांग, आणि तिकडे गांजा-भांगेचं कुठलंही रूप बेकायदा आहे, औषध म्हणूनसुद्धा. घरातल्या मोठ्यांच्या गोळ्यांच्या डब्या एकदा लेबल वाचून तपासा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घरीच ठेवा. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या खरंच लागत असतील तर मूळ पाकीट, चिठ्ठी आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र सोबत हवं.

बालीत २००८ पासून कुत्र्यांमध्ये रेबीज आहे. मुलीला कुत्र्यामांजरांचा लळा असेल तर तिला आधीच सांगून ठेवा. उबुडच्या मंकी फॉरेस्टमध्ये आणि उलुवाटूच्या देवळात माकडं अंगावर येतात, चष्मा-टोपी पळवतात. तिथे खाऊ बाहेर काढायचा नाही आणि पळवलेली वस्तू ओढून घ्यायची नाही. चावा किंवा ओरखडा लागला तर जखम पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, परत आल्यावर बघू म्हणायचं नाही. डेंगी आपल्याला नवा नाही. दिवसा चावणारा डास आहे, म्हणून दिवसाच मलम लावायचं, आधी सनस्क्रीन आणि त्यावर डासांचं. ताप आला तर डेंगी नाही हे कळेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय दुसरी तापाची गोळी स्वतःहून घेऊ नका. नळाचं पाणी पिऊ नका, दात घासायलाही बाटलीचं वापरा. ओआरएसची पाकिटं भरपूर न्या. सासूबाईंना जुलाब लागले तर मधुमेहाच्या गोळ्या किती घ्यायच्या, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

उन्हाला कमी लेखू नका. आपली सावळी कातडी भाजत नाही हा समज विषुववृत्ताजवळ टिकत नाही. पाण्यात तोंड खाली घालून स्नॉर्केलिंग करताना सगळं ऊन पाठीवर आणि पोटऱ्यांच्या मागच्या बाजूला पडतं, आणि गार पाण्यामुळे जाणवत नाही. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टीशर्ट आणि पायघोळ लेगिंग हा सनस्क्रीनपेक्षा खात्रीचा उपाय आहे.

खाण्याबद्दल सासूबाईंना आधी एक सांगून ठेवा: बालीत बहुसंख्य लोक हिंदू आहेत, पण जेवण शाकाहारी नाही. डुकराचं मांस तर सणाचं जेवण आहे, ‘बाबी’ शब्द दिसला की ते समजायचं. शाकाहारी दिसणाऱ्या पदार्थातही ‘तेरासी’ म्हणजे कोळंबीची वाटलेली पेस्ट असू शकते, विशेषतः सांबल चटणीत. कागदावर देवनागरीत आणि रोमन लिपीत लिहून ठेवा: तान्पा दागिंग, तान्पा इकान, तान्पा तेरासी, तान्पा तेलूर. म्हणजे मांस नको, मासे नकोत, तेरासी नको, अंडं नको. टेम्पे आणि ताहू हे सोयाबीनचे पदार्थ तिथे जागोजागी मिळतात आणि ताज्या तेलात तळलेले असले तर सासूबाईंना आवडतील. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची घट्ट चटणी, त्यातली तेरासी आणि अंडं वगळायला सांगायचं. उबुडमध्ये शाकाहारी जागा पुष्कळ आहेत, कुटा-सेमिन्याकला भारतीय हॉटेलंही. तरीही मेतकूट, भडंग, दशम्या, झटपट पोहे-उपम्याची पाकिटं सोबत असू द्या. मधुमेहाच्या माणसाला गाडी वाहतुकीत अडकली म्हणून जेवण लांबवता येत नाही. ताजी फळं आणि मांसाचे पदार्थ विमानातून नेऊ नका.

देवळात जाताना कमरेला सारोंग (लुंगीसारखं वस्त्र) आणि वर सॅश (कापडी पट्टा) लागतो, दारात मिळतो, पण स्वतःचे असले तर बरे. पाळी सुरू असताना स्त्रियांनी आत येऊ नये असे फलक असतात. रस्त्यावर, उंबऱ्यावर पानाच्या लहान द्रोणात फुलं आणि उदबत्ती ठेवलेली दिसेल, ती ‘चानांग सारी’, त्यावरून पाय टाकू नका. सासूबाईंना एक गोष्ट आवर्जून ऐकवा: तिथे दिवसातून तीनदा म्हटली जाणारी त्रिसंध्या गायत्री मंत्राने सुरू होते.

कागदपत्रं लवकर उरकतात. पासपोर्टची मुदत पोचण्याच्या दिवसापासून निदान सहा महिने हवी, परतीचं तिकीट हवं. भारतीयांना व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, माणशी पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. तो आधी ऑनलाइन काढला तर रांग वाचते. बाली प्रांताचा दीड लाख रुपियाचा पर्यटक कर फेब्रुवारी २०२४ पासून आहे, तोही ऑनलाइन भरा, मुलीचाही. ‘ऑल इंडोनेशिया’ नावाचा आगमनाचा अर्ज पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा असतो. रकमा आणि नियम बदलतात, म्हणून निघण्याआधी फक्त सरकारी संकेतस्थळावर खात्री करा, हुबेहूब दिसणारी आणि जास्त पैसे घेणारी संकेतस्थळं बरीच आहेत. सिंगापूरमार्गे दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर सामान घ्यायला सिंगापुरात बाहेर पडावं लागू शकतं, आणि त्याला व्हिसा लागतो. एकाच तिकिटावर पूर्ण प्रवास घ्या. पैसे फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड असे विभागा. बदलून घेताना अधिकृत दुकानातच जा, शेवटची मोजणी स्वतःच्या हाताने करा, आणि मोजल्यावर नोटा परत काउंटरवर ठेवू नका.

आता तुमची बॅग. माणशी चार-पाच सुती कपडे पुरतात, कपडे धुऊन देणारी दुकानं गल्लोगल्ली आहेत आणि स्वस्त आहेत. पोहण्याचे कपडे दोन जोड, कारण दमट हवेत ते एका रात्रीत वाळत नाहीत. पाण्यातले रबरी बूट चौघांनाही. पातळ रेनकोट, रुंद काठाची टोपी, पाण्याच्या पुन्हा भरायच्या बाटल्या, मोबाइलसाठी जलरोधक पिशवी. तिथले प्लग दोन गोल पिनांचे असतात, आपला तीन पिनांचा बसत नाही, एक ॲडॉप्टर न्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. सोन्याचे दागिने घरी ठेवा.

कामांचा क्रम असा लावा: या आठवड्यात गिलीचं बुकिंग रद्द आणि सानूर पक्कं, त्याच आठवड्यात तरणतलाव. मग डॉक्टरांची भेट आणि विमा, व्हिसा आणि कर निघण्याच्या आधीच्या पंधरवड्यात. बॅग आदल्या दिवशी.

पेनिडाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. बेटावरचे रस्ते खाचखळग्यांचे आहेत, प्रत्येक ठिकाणी पायऱ्या आहेत, बोट आपटते ती वेगळीच. सासूबाईंना तिथे नेऊ नका, आणि त्यांना एकटंही सोडू नका. तुमच्यापैकी एकाने मुलीला घेऊन जायचं, दुसऱ्याने सासूबाईंबरोबर सानूरला थांबायचं. त्यांना त्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून फिरायला न्या, दुपारी विश्रांती, आणि मग गाडी घेऊन देनपसार शहरातल्या बाडुंग बाजारात जा. तिथे देवपूजेची फुलं, पानं, टोपल्या यांचे ढीग असतात, त्यात त्यांचे दोन तास सहज जातील. आधी त्यांनाच विचारा मात्र. इतकी बंधनं घालून आखलेली सहल त्यांना मान्य आहे का, की एखाद्या ठिकाणी त्या स्वतःहून ‘मी येणार’ म्हणतात, ते त्यांच्या तोंडून ऐका आणि मला इथेच कळवा. त्यांना किती पायऱ्या जमतात तेवढं लिहिलंत तर उबुडच्या दोन दिवसांचा बेत मी नीट लिहून देईन.